दगडी संतिणीचे निळे आसू

त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उत्तरेच्या भिंतीतून डोकावणारा संतिणीचा दगडी चेहरा रडत होता. खाली स्टुलावर उभा राहून पेगरम नावाचा फिरता उपदेशक त्या पाण्यात चिंध्या भिजवत होता. एका चिंधीला सहा अंडी.

"सहाशे वर्षं माउली गप्प होती. आता तुमच्या पापांसाठी रडतेय. डोळ्यांना लावा, दृष्टी उजळेल. चुरचुरलं तर समजा, पाप बाहेर पडतंय."

"माझं इतकं चुरचुरलं की बायको देखणी दिसायला लागली," लोहार म्हणाला. लोक हसले, पण रांगेतून कोणी हललं नाही. मार्था हॅलक सहा वर्षांच्या केझायाला कडेवर घेऊन उभी होती. पोरीचे डोळे लालभडक झाले होते.

"डॉक्टरचं मलम लावतेस ना गं?" शेजारणीने विचारलं.

"बंद केलं. दोन्ही एकदम चालत नाही म्हणतात."

मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. संतिणीला रडवणारा मीच होतो, गावचा गवंडी.

त्या भिंतीत जुन्या गवंड्यांनी दगडाचे दोन थर उभारून मध्ये खडी भरली आणि वरून चुन्याचा गिलावा दिला. पावसाने भिजलेली भिंत त्या चुन्यातून वाळायची. आदल्या वर्षी चर्चचा कारभार पाहणाऱ्या शहरातल्या साहेबांना उघडा दगड जास्त पुरातन वाटला. मी गिलावा खरवडला, सांध्यांत सिमेंट भरलं. हे चुकतंय, हे मला कळत होतं. वर शिडी आपटून छपराची शिशाची पन्हळ फाटली, तीही मी नुसतं लुकण लिंपून झाकली. लुकण सुटलं, पाणी भिंतीत शिरलं, सिमेंटने अडवलं आणि एकाच मऊ दगडातून बाहेर आलं. तोच तो चेहरा.

एकसष्टाव्या वर्षी मला अक्षरं शिकवणाऱ्या ड्रूसबाईंनी त्या आठवड्यात माझी पाटी पाहिली.

"मिस्त्री, आज एकही अक्षर ओळीत का नाही?"

मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. कपड्यांच्या निळीची पुडी समोर ठेवून म्हणाल्या, "रविवारी वर जा. लोक जमल्यावर."

मी दोन बादल्या निळं पाणी पन्हळीत ओतलं. प्रवचन संपता संपता संतिणीचे गाल निळे झाले.

"स्वर्गाचा रंग," पेगरम लगेच म्हणाला.

"धोब्याचा," ड्रूसबाई म्हणाल्या. "मिस्त्री, खाली या."

मनोऱ्याच्या पायऱ्या उतरून मी निळे हात सगळ्यांना दाखवले. "हे फुटक्या पन्हळीचं पाणी आहे. मी भरलेल्या सिमेंटचा क्षार त्यात उतरतो, तो डोळे जाळतो. चुरचुरतं ते पाप नाही. माझं काम आहे."

मार्थाने विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने पोरीचे डोळे ॲप्रनने झाकले आणि ती डॉक्टरकडे निघाली. पेगरम कधी सटकला, कोणी पाहिलं नाही. अंडी मात्र राहिली नव्हती.

डॉक्टरांनी उजवा डोळा वाचवला. डावा पांढरा पडला, कायमचा. पन्हळ बदलून, सिमेंट उकरून मी भिंतीला पुन्हा चुना दिला. त्यात दोन उन्हाळे गेले. संतीण कोरडी आहे. केझाया आता पुस्तक उजव्या डोळ्याजवळ धरून मोठ्याने वाचते. तो आवाज ऐकू आला की मी थापी खाली ठेवतो.

दगड रडताना दिसला तर गुडघे टेकण्याआधी छपरावर चढून पाहा. आणि ज्याला कारण ठाऊक असेल, त्याने त्याच दिवशी बोलावं. मी तीन आठवडे गप्प बसलो.