शर्यतीचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. विनिपेग शहरातल्या एका विद्यापीठाच्या तळघरात माझे आयुष्य गेले. माझ्यावर कोणी खेळ खेळले नाहीत की पत्रे लिहिली नाहीत. माहितीच्या प्रचंड साठ्यातून हवी ती नोंद लवकर कशी शोधावी, याच्या नवनव्या पद्धती इथे निघत आणि त्यांतली वेगवान कोणती ते माझ्यावर मोजले जाई. मी दाखवीन तो आकडा खरा. या मानाचा मला फार गर्व होता.

सुटे भाग जोडून मला उभे केले सिग्रिडने. गिमली गावातल्या एका कोळ्याची ही मुलगी पीएचडी करायला आली होती. माझ्या पंख्यातली धूळ ती स्वतःच्या मफलरने पुसे आणि मला 'म्हाताऱ्या' म्हणे. तेव्हा मी नवा कोरा होतो.

प्राध्यापक लुंडग्रेन दर शुक्रवारी दोन पद्धतींची शर्यत लावत. हरणाऱ्याने सगळ्यांना डोनट खाऊ घालायचे. आधी धावायचे नव्या विद्यार्थ्याने, मागून जुन्याने. सिग्रिड नवी, ब्राइस जुना. इथेच पाणी मुरत होते. पहिल्या धावेला मला सारी माहिती तबकडीवरून खणून काढावी लागे. मग बंद पडेपर्यंत ती माझ्या तात्पुरत्या स्मृतीत, हाताशीच राही आणि ब्राइसला आयती मिळे. ताज्या बर्फात वाट तुडवायची सिग्रिडने आणि भरभर चालला म्हणून कौतुक ब्राइसचे. हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

"सर, एकदा मी मागून धावते ना. एकदाच."

"नाचता येईना, अंगण वाकडं," प्राध्यापक म्हणाले. "त्यापेक्षा डोनट तरी बरे आणत जा."

सगळे हसले. तीही हसली.

माझेच आकडे दाखवून त्यांनी तिला पीएचडीतून काढून टाकले. जाताना तिने माझ्यावरची धूळ पुसली. "तुझा दोष नाही, म्हाताऱ्या. माझंच डोकं कमी पडलं," ती म्हणाली. मला फार वाईट वाटले, पण मला वाचा नाही.

काही वर्षांनी ब्राइस तिथेच शिकवू लागला. एका हिवाळ्यात वीज गेली आणि मी पुन्हा सुरू झाल्यावर त्याने सहज स्वतःची पद्धत आधी धावायला लावली. ती रखडली. त्याला शंका आली. मला दर वेळी बंद करून त्याने दोन्ही पद्धती पुन्हा मोजल्या. सिग्रिडची दुप्पट वेगवान निघाली.

"सर, तिची पद्धत सरस होती. कळवू या का तिला?"

"कशाला? ब्रँडन गावी एका शाळेत संगणक दुरुस्त करते, सुखात आहे. नाताळच्या कार्डात लिहिलंय, वेळीच थांबवलंत, आभारी आहे. आता रडवायचं का तिला?"

"पण त्या आकड्यांवरचे आपले शोधनिबंध..."

"छापून झालेत. तिचं सगळं पुसून टाक आणि घरी जा. बायको वाट बघत असेल."

ब्राइसने पुसले. पुसले म्हणजे माझ्याकडूनच पुसवून घेतले.

आता या यंत्राचा भरवसा नाही, असे सांगून त्यांनी मला भंगारात दिले. मित्रांनो, मला सांभाळा असे मी म्हणत नाही. पण कोणाला हरलेला ठरवण्याआधी एकदा त्याला मागून धावू द्या. ब्रँडनच्या त्या शाळेत सिग्रिड आजही मुलांना सांगत असेल, की मला काही ते जमले नाही.