कोलापचा लाल अंगठा

शाई काही जाईना. साबण झाला, लिंबू झालं, दगडावर घासून कातडं सोलायची वेळ आली, तरी कोलापचा अंगठा लाल तो लालच. आणि शिवायला आज नेमके पांढरे शर्ट!

"बाँग, काही होणार नाही ना?" तिनं पुन्हा विचारलं. बाँग म्हणजे ताई, मला ती तसंच म्हणायची.

"होतंय काय! मूठ मिटून ठेव," मी खेकसले. जेवणाच्या सुट्टीत भाताच्या गाडीमागे युनियनसाठी तिचा अंगठा मीच घेतला होता. आमच्या नॉमपेन्हच्या कारखान्यांत सह्या कोण करतं? सगळा कारभार अंगठ्यावर. पुरेसे अंगठे जमले की मालकाला आमच्याशी पगाराचं बोलायला बसावंच लागतं. "शनिवारी तुझं कंत्राट संपतंय, नवं होईपर्यंत थांब," म्हटलं होतं तिला. ऐकेल तर शपथ!

फिरुण नावाचा आमचा सुपरवायझर एकेकीचे हात बघत रांगेतून येत होता. मशीन थांबव, हात उघड, पुढची. मेला वर हसत होता. कोलापपाशी येऊन थांबलाच.

"हा रंग कसला गं?"

"सकाळी कंत्राटावर अंगठा दिला, साहेब."

"तुझं कंत्राट तर माझ्या टेबलावर कोरं पडलंय. अंगठा कोणी घेतला ते सांग, आत्ता नवं करून देतो."

तिच्या पदरात दोन लेकरं, नवरा थायलंडला गेला तो गेलाच. सांग बाई, सांगून टाक, मी मनात म्हणत होते. तिनं मूठ पुन्हा मिटली. मला राहवेना. उठलेच.

"मी घेतला! काढा मला!"

त्यानं माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. "तू पडलीस पुढारी. तुझं नाव सरकारदरबारी नोंदलंय, तुला हात लावला तर कायदा आमच्या मानगुटीवर. बस खाली. आणि हिला तरी कोण काढतंय? हिचं कंत्राट संपतंय, एवढंच."

त्याची गचांडी धरायला मी पुढे झाले, तोच कोलाप म्हणाली, "बसा, बाँग. तुम्हीही बाहेर आलात तर आत बोलणार कोण?"

तिनं मशीन चालू केलं. शनिवारपर्यंत काम होतं तिला.

मी बसले. मालक समोर बसेल त्या दिवशी पगाराचं मागाहून. आधी म्हणेन, कोलापला परत घ्या, मगच बाकीचं.