मोज्यांचं गाणं

ड्रायरमध्ये खांद्यापर्यंत हात घालून शैलजा तान्ह्या नातवाच्या, वेदच्या एका मोज्याचा जोडीदार शोधत होती. बाहेर अमेरिकेतल्या या अर्विंग गावचं रणरणतं ऊन नुसतं फुकट चाललं होतं, पण गॅलरीत कपडे वाळत घालायला इथे बंदी. लेकीच्या बाळंतपणासाठी शॉमबर्गच्या आपल्या घरून इथे आल्यापासून या एका गोष्टीवरून तिची रोज चिडचिड व्हायची. अंगठ्याएवढे मोजे, त्यांना उन्हाचं काय वावडं?

वॉशिंग मशीनवर बेबी मॉनिटर ठेवलेला होता. त्यातून आधी बाळाच्या खोलीतला थोपटल्याचा आवाज आला, मग लेकीचं, रुहीचं गुणगुणणं. मिटल्या तोंडाने, नाकातून.

रुही गुणगुणते हे काही नवीन नव्हतं. अंघोळ करताना, गाडी चालवताना तिचं काहीतरी चालूच असायचं. पण आई जवळ आली की गप्प व्हायची. मुलगी लाजाळू आहे, असं शैलजा सगळ्यांना कौतुकाने सांगायची. आज मात्र मॉनिटरमुळे ती चाल पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्या कानावर पडली.

हातातला मोजा हातातच राहिला.

ते नागोयाचं गाणं होतं. तिचा नवरा गुरुनाथ पुण्यात जपानी शिकला आणि त्या जोरावर त्याला तिकडे नोकरी लागली. रुहीचा जन्म तिथलाच. शेजारच्या मोरिता आजींच्या घरी तिचा अर्धा दिवस जायचा. त्यांच्या टीव्हीवर कपड्यांच्या साबणाची जाहिरात लागायची. एक पोरगं गच्चीत उभं राहून ओले मोजे सूर्याला दाखवतं आणि गातं, एवढंच. मुलांच्या कार्यक्रमात रुही पेंगायची आणि जाहिरात लागली की ताडकन उठायची. पायातले मोजे काढून, दोन्ही हात वर करून, पूर्ण गाणं म्हणायची.

अमेरिकेत आल्यावर मोरिता आजी टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करून पाठवायच्या. मध्ये रेकॉर्डिंग थांबवणं त्यांना जमायचं नाही, त्यामुळे जाहिरातीही यायच्या. रुहीला हव्या असायच्या त्याच.

मग शाळा सुरू झाली आणि नाताळ आला तरी रुहीने वर्गात तोंड उघडलं नाही. बाईंनी अगदी प्रेमाने सांगितलं, घरात भाषा जास्त होताहेत, एखादी कमी करा. इंग्रजी सोडून चालणार नव्हतं. मराठी सोडली तर आजी-आजोबांशी बोलणार कसं? उरली ती जपानी.

"राहू दे गं, साबणाचं तर गाणं आहे," गुरुनाथ म्हणाला होता.

पण शैलजाचा जीव टांगणीला लागला होता. पोर मुकी राहिली तर? ती जपानीच्या हात धुवून मागे लागली. टेपा देऊन टाकल्या. मोरिता आजींना उत्तरं लिहिणं बंद केलं. पुढे त्यांची पार्सलंही थांबली. आणि रुहीने ते गाणं सुरू केलं की ती हलकेच तिच्या तोंडावर हात ठेवायची. तिने मुलीला कधी बोट लावलं नाही, याचा तिला अभिमान होता. हात फक्त ठेवायची, गाणं संपेपर्यंत. सुरुवातीला तळव्याखाली ते तसंच चालू राहायचं, गुदगुल्या व्हायच्या. मग तेही थांबलं.

थांबलं, असं तिला वाटलं होतं.

उन्हाळ्यापर्यंत रुही इंग्रजी बोलू लागली. तेव्हापासून भारतातून नव्याने आलेल्या प्रत्येक आईला शैलजा हाच सल्ला देत आली होती.

"आई, मोजे राहू दे, मी करते." वेदला खांद्यावर घेऊन रुही दारात उभी होती. "झोपतच नाहीये हा. पूर्ण कॉन्सर्ट झाली माझी."

"ऐकलं मी." शैलजाने मॉनिटरकडे बोट दाखवलं.

"ओ नो." रुही लाजली. मग म्हणाली, "बरं झालं, मला विचारायचंच होतं. याला वर्ड्स काय आहेत गं? याच्या बाबाने, मिहीरने, फोनला हम करून दाखवलं, फोनलाही गाणं नाही सापडलं."

"मला काय माहीत?"

"असं काय? तुझंच आहे ना. मी लहान असताना तू मला जवळ घेऊन हम करायचीस. आय रिमेंबर युअर हँड. इथे, गालावर." तिने स्वतःच्या गालाला हात लावला. "काल डॉक्टर म्हणाली, बाळाशी हव्या तेवढ्या भाषा बोला, तीन झाल्या तरी चालतील. म्हटलं, मला एक तरी मराठी अंगाई यायला हवी."

शैलजाने ड्रायरचं दार लावून घेतलं. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. लेकीने आपण होऊन ते गाणं तिच्या पदरात टाकलं होतं. तो हातही तिने मायेचा करून टाकला होता. दोन शब्द जुळवून म्हटले असते, तरी रुहीला पटलं असतं. शैलजाला तसं करायचा मोह झाला. फार झाला.

तिने हातातला मोजा छोट्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात धरला.

"ओहिसामा, ओहिसामा," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, सूरही लागला नाही. "कुत्सुशिता कावाकाशिते."

रुही बघतच राहिली. "दॅट्स जॅपनीज."

"हो. सूर्यदादा, माझे मोजे वाळव. पुढे साबणाचं नाव येतं. जाहिरात आहे ती."

"जाहिरात?" रुहीला हसू फुटलं. "यू सँग मी अ सोप कमर्शियल?"

"मी नाही गं. तू गायचीस. मोठ्याने, हात वर करून."

"मी? विथ द वर्ड्स?" रुहीचं हसू हळूहळू मावळलं. "मग वर्ड्स कुठे गेले?"

शैलजाने आपला तळवा पाहिला. सांगायला हवं होतं, आणि ती सांगणारही होती. पण तेवढ्यात वेद कुरकुरला. मान त्याच्याकडे वळवून रुहीने थोपटायला सुरुवात केली. ओठ मिटले आणि नाकातून तीच चाल सुरू झाली.

"रुही," शैलजा म्हणाली, "तोंड उघडून म्हण."