धरलेले चाक सुटेना

मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी एक जुना ब्रेक आहे. अँबॅसेडर गाडीच्या मागच्या डाव्या चाकात, लोखंडी ड्रमच्या आत माझा मुक्काम असतो. तिथे कायमचा अंधार. कान मात्र माझे तिखट आहेत, गाडीतले सगळे बोलणे मला ऐकू येते. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही, म्हणून तर ही हकिगत सांगतो आहे.

दोन अर्धगोल पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध एक छोटा सिलिंडर, एवढाच माझा संसार. चालकाने पाय दाबला की ब्रेक ऑइल नळीतून धावत येते, सिलिंडरातले दट्टे बाहेर सरकतात आणि पट्ट्या ड्रमला घट्ट धरतात. पाय उचलला की सोडायचे. सोडण्याचे कौतुक आजवर कोणी केलेले नाही, पण माझे निम्मे काम तेच आहे.

आमची गाडी धुळ्याजवळच्या अभिमन आबांची. कापूस चांगला पिकला त्या वर्षी त्यांनी ती जुनीच घेतली आणि पुतण्या हिलाल तिचा चालक झाला. काय दिवस होते ते! एकदा शिरूडच्या बाजारात म्हशीचे रेडकू एकाएकी गाडीपुढे आले आणि मी चाक असे धरले की रेडकाच्या अंगाला धूळसुद्धा लागली नाही. लोकांनी पाठ थोपटली हिलालची. दसऱ्याला झेंडूची माळ चढली बॉनेटला. माझ्या मनाला ते लागलेच.

आबांची लेक सुनंदा मात्र माझी लाडकी. लहानपणी ती मागच्या सीटवर, अगदी माझ्या डोक्यावर बसून गाणी म्हणायची. तिच्या लग्नात तिला चाळीसगावला पोहोचवायलाही आम्हीच गेलो. त्यानंतर गाडीला काम उरले नाही. ती खळ्यातल्या निंबाखाली उभी राहिली आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

आबांचा एक हट्ट होता. गाडी उभी केली की ते स्वतः आत बसून दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढत. म्हणत, "बैल बांधेल बरा, आनि गाडी बी बांधेल बरी." बिचारे प्रेमाने करत. वर अमावास्या आली की हौदाचे पाणी मारून चाके धूत आणि पुन्हा हँडब्रेक आवळत. मी ओला, आवळलेला, तसाच महिनोन्महिने पडून. बैलालासुद्धा सकाळी सोडतात हो! मला कोणी सोडेना. सिलिंडरात गंज चढला, दट्टे जागीच चिकटू लागले. आतल्या आत मी नुसता तळमळत होतो.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. सुनंदाची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आखाजीला लेक माहेरी आली नाही, तर झोका बांधायचा कोणासाठी? आबा स्वतः मुराळी होऊन तिला आणायला निघाले. चाळीसगावहून सासूबाईंचा, कमलबाईंचा निरोप होता की दिवेलागणीच्या आत या, दिवा लागल्यावर आमच्या घरातून सून बाहेर धाडत नाहीत. दुसऱ्याच दिवशी आखाजी. म्हणजे आज चुकले की सण गेला.

दुपारी गाडी सुरू झाली, पण चाक जागचे हलेना. चार माणसांनी ढकलले तेव्हा मी कडकन आवाज करून ड्रमवरून सुटलो. सगळे हसले. पण मित्रांनो, माझे सुटणे खोटे होते. रस्त्याला लागल्यावर हिलालने पहिल्यांदा पाय दाबला, मी धरले, आणि त्याने पाय उचलला तेव्हा मला सोडताच येईना! गाडी पुढे ओढत होती आणि मी तिला मागे ओढत होतो.

"आबा, गाडी जड जाई राहिनी," हिलाल म्हणाला. "कोनी मांगून धरी ठेयेल शे असं वाटस."

"उन्हाना तडाखा शे तो. तू चाल, थांबू नको."

वैशाखाचे ऊन वरून आणि घासण्याची आग आतून. पट्ट्या करपू लागल्या. सोड, सोड, असे मी स्वतःलाच ओरडून सांगत होतो, पण गंज कुणाचे ऐकतो? जिच्यासाठी जीव तुटत होता, तिची वाट मीच अडवून बसलो होतो.

मेहुणबारे जवळ आले तेव्हा चाकातून धूर निघाला. "आबा, चाक पेटी राहिनं!" म्हणत हिलालने उडी मारली आणि पिण्याच्या पाण्याची अख्खी कळशी माझ्यावर रिकामी केली. चर्र झाले. ड्रम फुटला नाही हे नशीब, नाहीतर तापलेल्या लोखंडावर पाणी ओतणे म्हणजे घात.

रखडत गाडी कौतिक मिस्तरीच्या दुकानापुढे गेली. ड्रम थंड होईपर्यंत तो हात लावेना. हिलाल नंतर सांगत होता, आबा एकदा उन्हाकडे बघत, एकदा रस्त्याकडे. एसटीकडे पाहावे तर सणाच्या गर्दीने दाराला माणसे लोंबकळत होती आणि गाड्या न थांबताच जात होत्या.

अखेर ड्रम निघाला. कौतिकने मला पाहिले आणि म्हणाला, "आबा, यानं धरेल शे ते सुटस नही. नवा सामान धुळाले भेटी, पन आज नही. याले काढी टाकस, नळी बंद करस. तीन चाकना ब्रेकवर हळूहळू जा."

"काहीबी कर, पन लवकर कर," आबा म्हणाले. "मनी पोर दारमा उभी व्हई. दिवा लागना का तिनी सासू तिले धाडाव नही."

आणि मला काढले. खोक्यात टाकले. माझ्याशिवाय गाडी निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी उघड्यावर होतो, समोर सगळा रस्ता दिसत होता, पण बघण्यात मन लागेना. सावल्या लांबल्या. गाडी कुठवर गेली असेल? तीन ब्रेकांवर हिलाल जोरात हाकणार नाही. सूर्य टेकला. मग कौतिकने दुकानातला दिवा लावला, तसबिरीपुढे हात जोडले. इथे दिवा लागला म्हणजे चाळीसगावातही लागला. सुनंदाची आखाजी मी बुडवली.

अंधार पडल्यावर ओळखीचा हॉर्न वाजला. गाडी थांबली. माझ्या डोक्यावरच्या त्या जागेवरून, दारातून, सुनंदा खाली उतरली! मला खरेच वाटेना.

"दिवा लागना नव्हता का वं बहिन?" कौतिकने विचारले.

"बठ्ठी गल्लीमा लागना व्हता," ती हसत म्हणाली. "आमना घरमा काळाकुट्ट अंधार. सासूबाई आगपेटी मुठमा धरीसन वट्टावर बशी राहिन्यात. शेजारीन म्हने, दिवा लावा. तर म्हनतस कशा, मना घरमा आजून दिवस शे, याही उना का मंग सांज करसू." म्हणजे व्याही, आमचे आबा, येईपर्यंत त्यांनी घरात सांजच होऊ दिली नव्हती.

 आबा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाले, "अन् मी तिले वरीसभर कैदाशीन म्हनत ऱ्हायनू!"

कौतिकने मला चिंधीत गुंडाळून डिकीत ठेवले. सण झाल्यावर धुळ्याहून रबरे आली, गंज घासून निघाला आणि मी पुन्हा माझ्या चाकात बसलो. आबा आता चाकाखाली दगड लावतात आणि हँडब्रेक मोकळा ठेवतात. आठवड्यातून एकदा हिलाल आम्हाला वेशीपर्यंत फिरवून आणतो.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या दारात जुनी गाडी असेल, सायकल असेल, तिला घट्ट बांधून ठेवले म्हणजे सांभाळले असे समजू नका. तिला फिरवा. चाक जड वाटले तर त्याच दिवशी बघा, उन्हावर ढकलू नका. धरणे मला जन्मापासून येत होते, त्यात काही मोठेपणा नाही. सोडावे कसे, हे मात्र मला आगपेटी मुठीत धरून बसलेल्या त्या बाईकडून कळले, जिचे तोंडही मी अजून पाहिलेले नाही.