मास्तरांच्या पोथीचं पहिलं पान

जुनी पुस्तकं विकण्यात माझे केस पांढरे झाले. हिब्रूतलं एक अक्षर मला वाचता येत नाही, पण कागद आणि छपाई बघून त्या पोथ्यांचा भाव सांगण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही.

माझ्या कपाटात चारशे वर्षांपूर्वी छापलेली हिब्रू प्रार्थनांची एक पोथी होती. कागद घट्ट, शाई ठसठशीत, फक्त पहिलं पान नव्हतं. या पोथ्या उजवीकडून उघडतात आणि पहिल्या पानावर कमानीच्या चित्रात पुस्तकाचं नाव, छापखाना, साल असं सगळं असतं. ते पान नसलं की संग्राहक नाक मुरडतात. आमचे एक गिऱ्हाईक, दातांचे डॉक्टर, म्हणाले होते की पान मिळवा, मागाल ती किंमत देतो.

त्याच आठवड्यात टेलरमास्तर आले. माझ्या पोटाच्या प्रगतीप्रमाणे माझ्या पँटी सैल करत आलेला हा ज्यू शेजारी. त्यांच्या आईची पोथी त्यांनी आणली होती, नेमकी त्याच छापाची. कसरीनं खाल्लेली, मागची निम्मी पानं गेलेली, पण पहिलं पान शाबूत. विकायची नव्हती. बहिणीला द्यावी की घरीच ठेवावी या विचारात होते, म्हणून तिचं मोल काय एवढंच त्यांना हवं होतं. पिशवीतून काढताना ती टेबलावर पडली, तेव्हा त्यांनी उचलून तिला ओठ टेकवले. मी म्हटलं, चार दिवस ठेवून जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावून घेतलं आणि ब्लेडनं ते पान कापलं. शिवणीला इतकं चिकटून, की कोणाला पत्ता लागू नये. एवढ्या खिळखिळ्या पोथीत ते असून नसून सारखंच, अशी मनाची समजूत घातली. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असंच. पोथी परत देताना मास्तरांना तोंड वर करून सांगितलं, पहिलं पानच नाही, तेव्हा फारसं मोल नाही. ते चाचरत म्हणाले, पान होतं बहुतेक. मी म्हटलं, जुन्या पोथ्यांची पानं गळतात, घरात बघा.

सहा दिवसांनी ते पुन्हा आले. चेहरा उतरलेला.

"आई दिवसभर गादीखाली, कपाटाखाली शोधत असते," ते म्हणाले. "म्हणते, माझे हात थरथरतात, मीच फाडलं असणार. लहानपणी त्याच पानावर बोट ठेवून अक्षरं शिकली होती ती. आता पोथीला हातच लावत नाही."

पान माझ्या खणात होतं, अजून चिकटवलंही नव्हतं. मास्तर गेले तरी मी त्या खणाकडे बघू शकलो नाही. चोर म्हणजे कोणीतरी दुसराच असतो, असं मी जन्मभर धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान घेऊन त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायचं असं ठरवून निघालो होतो. पण मास्तरांच्या म्हाताऱ्या आईनं दार उघडलं आणि माझी जीभ भलतीकडेच वळली.

"मावशी, पान माझ्याच दुकानात गळून पडलं होतं. कपाटामागे सापडलं."

तिनं पान छातीशी धरलं. "बघ, मी नव्हतं हरवलं," असं मुलाला तीनदा सांगितलं. मग माझे दोन्ही हात हातात घेऊन आशीर्वाद दिला. तेव्हा धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

मास्तर पान जागेवर बसवून बघू लागले. कडेवरून फिरणारा त्यांचा अंगठा थांबला. काय गळतं आणि काय कापलं जातं, हे त्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिवी देतील तर सुटू, असं मला वाटलं. ते पान बसवत राहिले.

मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले.

"मास्तर, ते पान मी..."

"आत बोलला असता तर ऐकलं असतं," ते हळू आवाजात म्हणाले. "आता राहू द्या. इतके दिवस ती स्वतःलाच दोष देत होती. आज तिला एक भला माणूस भेटलाय. तो हिरावून घेऊ नका."

आतून मावशींनी विचारलं, ते गेले का रे, चहा तरी घेऊ दे त्यांना. मास्तर बाजूला सरकले आणि मला वाट करून दिली. मी आत जाऊन बसलो. मावशींनी दिलेला चहा, त्या माझ्याकडे कौतुकानं बघत असताना, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.