मथुरेचा पाट

माझ्या लवूला माशाचे काटे काढायला माझ्या जावेनं, मथुरेनं, शिकवलं, आणि ते मी तिला आजपर्यंत माफ केलेलं नाही.

लवू मिसरूड फुटायच्या वयात आला होता, तरी घास मीच भरवायची. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या वागण्याला ऑटिझम असं नाव दिलं होतं. गावानं त्याआधीच 'खुळो' ठेवून टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, एकेक सवय लावा. रोज तीच जागा, तीच रीत, आणि बोलणं कमी. बोलणं कमी, आणि मी? माझा आवाज तीन घरं पलीकडे जातो.

मथुरा मात्र मुलखाची घुमी. शिरोड्याहून लग्न होऊन आली, पण अजून पाळणा हलला नव्हता. पुरुष जेवून उठले की आम्ही बसायचो. भिंतीकडे मथुरा, मध्ये लवू, चुलीकडे मी. एकदा ती म्हणाली, "वयनी, भरवू नको तेका. तो आपणच खातलो."

"तुका पोर झाला काय मगे माका शिकय," मी म्हटलं.

ती दुसऱ्या दिवशी बांगडा घेऊन त्याच्या शेजारी सुरू झाली. आधी नुसतं डोकं बाजूला. ते जमल्यावर मधला काटा. सोडवलेला पहिला तुकडा ती लवूच्या ताटात ठेवायची. मग तोही आपला पहिला तुकडा तिच्या ताटात ठेवायला लागला. शिमग्यापर्यंत त्याचा हात बसला. सगळ्या घराला कौतुक, माझ्या पोटात आग. इतकी वर्षं काटे काढले मी, आणि पहिला तुकडा मथुरेला!

शिमगा झाल्यावर ती माहेरी गेली. बरी पीडा टळली, म्हटलं. दुपारी मी बांगडा सोडवून भात कालवला आणि घास लवूच्या तोंडाशी नेला. त्यानं माझा हात बाजूला सारला. आपला बांगडा ओढला, डोकं काढलं, काटा काढला, आणि पहिला तुकडा घेऊन भिंतीकडे वळला. तिथं ना ताट, ना पाट. तुकडा हातात धरून तो डोलायला लागला, घशातून आवाज काढायला लागला. आता हा भिंतीवर डोकं आपटणार, हे मला कळलं.

"हय दी रे, लवू. माका दी."

त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग मी उठले. मथुरेचा पाट आणून भिंतीशी टाकला, ताट पुढे ओढलं आणि बसले. डोलणं थांबलं. तुकडा माझ्या ताटात आला. सवयीनं मी तो चाचपला. त्यात एकही काटा नव्हता.

सासरी आल्यापासून माझ्यासाठी कुणी काटा काढला नव्हता. मला रडू आलं. आणि हे सुख मथुरा रोज जेवत होती म्हणून तिचा आणखीच राग आला.

बुधवारी ती परत आली. जेवायच्या वेळी भिंतीशी येऊन उभी राहिली. "वयनी, ह्यो माझो पाट."

"चुलीकडचो घे," मी म्हटलं, आणि उठले नाही.