रोल्लावर ओढलेली लाल रेघ

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या पोटात कागद कापायचं पातं घुसलं.

मित्रांनो, मी शारजाचा एक जुना नकाशा आहे. दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसच्या भिंतीवर मी नऊ वर्षं टांगलेला आहे. पूर्वी पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. मग मोठे स्क्रीन आले आणि माझ्यावर धूळ बसली. मागच्या महिन्यात एका किराणा कंपनीच्या कामासाठी इथल्या हेमचंद्र या विश्लेषकाने मला पुसलं आणि लाल मार्करने माझ्यावर एक मोठा चौकोन काढला. त्यात रोल्ला वस्तीच्या दाटीच्या गल्ल्या आल्या आणि पलीकडचे पाण्याकाठचे बंगलेही. दोन्हींची मिळून सरासरी निघाली: घरटी चार माणसं, खरेदी मॉलमध्ये. तेवढ्यावर त्या कंपनीने आपलं रोल्लाचं दुकान बंद करायचं ठरवलं.

ते दुकान बावीस वर्षं सांभाळणारा यहया मूळचा रत्नागिरीचा. दुकान गेलं की नोकरी जाणार, नोकरीबरोबर व्हिसा. म्हणून तो थेट ऑफिसात आला.

"साहेब, आमच्या गल्लीत एका खोलीत दहा जण झोपतात. भाड्याचा करार एकाच्या नावावर. तुमच्या कागदावर चारच. बाकीचे सहा काय कॉर्निशवर, समुद्राकाठी झोपतात?"

हेमचंद्र खाली बघत म्हणाला, "यहयाभाई, लहान चौकोन घेऊनही मी बघितलं होतं. तुमचं दुकान जोरात चालतं, असंच निघालं. पण कंपनीने मोठाच चौकोन मागितला होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

यहयाने टेबलावरचं पातं उचललं. पहिला वार चौकोनावर बसला. दुसऱ्याने मी कडेपर्यंत फाटलो. तिसऱ्याला हेमचंद्रने हात मध्ये घातला आणि त्याचा उजवा तळवा चिरला. रक्त माझ्यावरून ओघळत जमिनीवर सांडलं. दोन रखवालदारांनी यहयाला आपटलं. एकाने पाठीत गुडघा रोवला, दुसऱ्याने हात पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मला चिकटपट्टी लावली आहे, माझं काही नाही. पण मित्रांनो, नकाशावर रेघ ओढण्याआधी तिच्या आत कोण राहतं, ते एकदा पायी जाऊन बघा.

यहया पोलिसांच्या पहाऱ्यात इस्पितळात आहे, असं इथे बोलतात. तक्रारीच्या कागदावर हेमचंद्रने अजून सही केलेली नाही. आज दुपारी त्याने डाव्या हाताने टाइप करून लहान चौकोनांचे आकडे किराणा कंपनीच्या अबुधाबीतल्या मुख्य ऑफिसला पाठवले. दुकान उद्या, गुरुवारी, बंद व्हायचं आहे. आता संध्याकाळचे सहा वाजलेत. उत्तर आलेलं नाही.